मधुमेहात रक्ताची गुठळी होण्याचा धोका का वाढतो? डी-डायमर, फायब्रिनोजेनच्या चाचण्या काय सांगतात?

मधुमेह म्हटलं की लक्ष जातं ते साखरेच्या आकड्याकडे. पण मधुमेहींना येणारा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यामागे अनेकदा धमनीत झालेली रक्ताची गुठळी असते. रक्तचाचणीतून हा धोका आधीच कळू शकतो का?

मधुमेहात काय बदलतं?

जखम झाली की प्लेटलेट्स एकत्र येतात आणि फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचं जाळं तयार होतं. रक्त थांबतं. पुढे शरीर हे जाळं विरघळवतं.

टाइप २ मधुमेहात अनेकांच्या रक्तात फायब्रिनोजेन वाढलेलं असतं आणि प्लेटलेट्स चटकन चिकटतात. पीएआय-१ हे प्रथिनही वाढतं, त्यामुळे जाळं विरघळायला वेळ लागतो. अशात धमनीतला चरबीचा थर फुटला, तर तिथे गुठळी होऊन रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

मग या चाचण्या कराव्यात का?

कोरोनाकाळात घरोघरी माहीत झालेली डी-डायमर चाचणी फायब्रिन विरघळल्यावर उरलेले तुकडे मोजते. पण वाढतं वय, गर्भारपण, शस्त्रक्रिया, संसर्ग यांमुळेही हा आकडा वाढतो. फायब्रिनोजेन धूम्रपानामुळेही वाढतं. धमनी किती अरुंद झाली आहे, हे यातून कळत नाही. म्हणून मधुमेहींच्या नेहमीच्या तपासण्यांत या चाचण्या नसतात.

खबरदारी म्हणून ॲस्पिरिन घ्यावी का?

ब्रिटनमध्ये हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींवर झालेल्या ‘असेंड’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ८.५ टक्के लोकांना झटक्यासारखा गंभीर त्रास झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.६ टक्के होतं. मात्र गंभीर रक्तस्राव अनुक्रमे ४.१ आणि ३.२ टक्के लोकांना झाला. म्हणजे जेवढा फायदा, जवळपास तेवढाच तोटा.

त्यामुळे ही गोळी स्वतःहून सुरू करू नये. झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी दिली असेल, तर परस्पर बंदही करू नये.

लक्ष कशावर ठेवायचं?

एचबीए१सी, रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल यांवर. धूम्रपान सोडणंही तितकंच महत्त्वाचं. चालताना पोटऱ्या दुखत असतील आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९० किंवा कमी आल्यास धमनी अरुंद झाल्याचं समजतं. मधुमेहात पाय सुन्न झाले असतील तर दुखणं जाणवतही नाही, म्हणून त्रास नसला तरी पायांची तपासणी टाळू नये.