कमरेची पट्टी: नाडीपासून पेटंटपर्यंत

कुर्ला स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये मोठ्यांचा डायपर मागितला की दुकानदार विचारतो, "टेपवाला देऊ की पँटवाला?" त्याला खरं विचारायचं असतं की पेशंट उभा राहू शकतो का. टेपवाला डायपर दुसऱ्या कुणीतरी, बहुतेक वेळा पेशंट आडवा असताना, बांधायचा असतो. पँटवाला माणूस स्वतः ओढून चढवतो. आत शोषून घेणारा थर दोन्हींत जवळपास सारखाच. फरक आहे तो कमरेला. म्हणून आजचा लेख त्या पट्टीच्या इतिहासावर. विषय ऐकून हसू नका, यात भौतिकशास्त्र भरपूर आहे.

कुर्ल्याला कापड नवं नाही. जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये इथली धरमसी मिल विकत घेऊन तिची स्वदेशी मिल केली. पण सुती कापड ताणलं तर पुरतं मागे येत नाही, म्हणून आपल्याकडे लेंगा असो, परकर असो की बाळाचं लंगोट, कंबर बांधायची ती नाडीने. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने 1820 मध्ये कपड्यांत रबर वापरण्याचं पेटंट घेतलं, पण ते रबर थंडीत कडक आणि उन्हात चिकट व्हायचं. गुडइयरच्या व्हल्कनायझेशनला (अमेरिकन पेटंट 1844) तो प्रश्न सुटला. आजच्या डायपरमधला बारीक धागा मात्र बहुधा स्पँडेक्सचा असतो, ड्यूपाँटमध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये शोधलेला.

म्हणजे लवचीक धागा हाताशी होता. तरी डायपरची कंबर बरीच वर्षं मागेच राहिली. मॅरियन डोनोवन यांचं 1951 चं पेटंट असो की 1961 चे पॅम्पर्स, सगळं लक्ष ओल बाहेर येऊ न देण्यावर. केनेथ ब्यूएल यांच्या 1975 च्या पेटंटने इलॅस्टिक आणलं, तेही मांड्यांजवळ.

कंबर अवघड का, हे एका हिशोबात कळतं. लाप्लासचा नियम: दाब = पट्टीच्या एकक रुंदीवरचा ताण ÷ वक्रतेची त्रिज्या. कंबर 80 सेंमी घेऊ आणि ती गोल आहे असं धरू, म्हणजे त्रिज्या साधारण 12.7 सेंमी. पट्टीचा ताण दर सेंटिमीटर रुंदीला 1 न्यूटन धरला तर दाब येतो सुमारे 790 पास्कल, म्हणजे 6 मिमी पारा. काहीच नाही. पण कंबर गोल नसते ना! नितंबाच्या हाडाच्या कडेला त्रिज्या 3 सेंमी धरा, तोच ताण 25 मिमी पाऱ्याचा दाब देतो. केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाशी पाठ्यपुस्तकं 32 मिमी देतात, म्हणजे आपण फार लांब नाही. आणि पाठीच्या खळगीत? तिथे वक्रता आतल्या बाजूला, पट्टी टेकतच नाही, फट राहते. म्हणून "गळतंय, मग जरा घट्ट करा" हा उपाय फसतो: हाडावर वळ उठतो आणि पाठीमागून गळायचं ते गळतंच.

यावर कारखान्यातलं उत्तर असं: एका जाड पट्टीऐवजी बरेच बारीक धागे, ताणलेल्या अवस्थेत, न विणलेल्या कापडाच्या दोन थरांमध्ये गरम गोंदाने चिकटवायचे. सोडले की कापडाला चुण्या पडतात आणि ताण जास्त रुंदीवर वाटला जातो. ब्यूएल आणि सहकाऱ्यांचं 1992 चं पेटंट (अमेरिकन क्रमांक 5151092) आणखी पुढे जातं. माणूस बसला की पोट पुढे येतं आणि पट्टी दुमडते. मग ती कुठे दुमडावी हे आधीच ठरवून तिथे बिजागरीसारखी जागा ठेवायची. कंबर स्थिर नाही हे गृहीत धरून केलेली ही रचना मला फार आवडते.

पण माझ्या मते खरं वळण त्याच्या दोन वर्षं आधीचं. व्हॅन गोम्पेल यांच्या 1990 च्या पेटंटचं (क्रमांक 4940464) शीर्षक मराठीत सांगायचं तर असं: लघवीवर ताबा नसणाऱ्यांसाठी वस्त्र किंवा मुलांची प्रशिक्षण पँट. त्या "किंवा"वर थांबा. शी-शू शिकणारं मूल आणि आजारी म्हातारं माणूस एका ओळीत आले, कारण दोघांनाही पँट स्वतः चढवायची आहे. लगेच पट्टीकडून मागणीही बदलते. ती नितंबांवरून वर जाईल इतकी ताणली जावी, आणि तेही कापऱ्या हातांनी. वर गेल्यावर ओल्या वजनाने खाली सरकू नये. पहिल्यासाठी ताण कमी हवा, दुसऱ्यासाठी जास्त. जपानच्या युनिचार्मने 1995 मध्ये मोठ्यांसाठी अशी पँट आणली तेव्हा नावातच "रिहॅबिलिटेशन" घातलं: चालता यावं म्हणून.

चाळीत संडास घराबाहेर, तोही सामाईक. तिथे रात्री सुनेला किंवा मुलाला न उठवता आजीला स्वतः पँट बदलता येणं ही केवढी गोष्ट आहे, हे कुर्ल्यात वेगळं सांगावं लागत नाही.

पेटंट वाचताना एक सावधगिरी बाळगा. पेटंट मिळालं म्हणजे ती वस्तू तशीच बाजारात आली असं नाही, आणि दावे मुद्दाम ऐसपैस लिहिलेले असतात. वरची दोन्ही पेटंट गुगल पेटंट्सवर फुकट मिळतात. दोन्ही शेजारी ठेवा आणि आधी फक्त पार्श्वभूमीचा भाग वाचा, म्हणजे लिहिणाऱ्याला नेमकी कशाची अडचण वाटत होती ते दिसेल. दावे त्यानंतर.