शिरपूरच्या मूर्तीचा लेप आणि मूळ रूपाचा प्रश्न
वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती वाळू व शेण यांची घडविली, अशी परंपरा असून तीवर वेळोवेळी लेप चढत आला. लेपात कटिसूत्र असावे, हा श्वेतांबरांचा आग्रह. दिगंबरांचा त्यास विरोध. १९१० साली वाद न्यायालयात गेला. १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय श्वेतांबरांच्या बाजूने झाला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना लेपास अनुमती दिली. तथापि या निर्णयांनी ठरला तो अधिकार. मूळ रूप नव्हे. जुन्या मोटारीचा मूळ रंग कारखान्याच्या नोंदीवरून व खालच्या थरांवरून ताडता येतो. मूर्तीस अशी नोंद नसते, आणि येथे थर खरवडणे हाच नवा वाद ठरेल. म्हणून प्रत्येक लेप आपल्या काळाचाच पुरावा मानणे इष्ट.