समोर एक, मागे एक

घरात चांगले स्पीकर घ्यायचे ठरले तेव्हा मला वाटले होते की दुकानात जायचे, दोन पेट्या उचलून आणायच्या आणि पंख्याखाली बसून कुमार गंधर्व ऐकायचे. पण दुकानदाराने विचारले, "डायपोल दाखवू की बायपोल?" एवढ्या सहजपणे आजवर मला फक्त 'साधा की मसाला' इतकेच विचारले गेले होते. "विचार करून सांगतो," म्हणून मी बाहेर पडलो आणि पेन्शनर माणसाला शोभेल अशा रीतीने थेट इतिहासात शिरलो.

आजच्या स्पीकरचे खापरपणजोबा १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत राइस आणि केलॉग या दोघांनी घडवले. तेव्हापासूनची कटकट एकच. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची सैल पडते. म्हणजे जेवढा आवाज पुढे, तेवढाच मागे, पण उलटा. दोघांची गाठ पडली की एकमेकांना खाऊन टाकतात. खर्जाचा तर फडशाच. म्हणून मध्ये फळी आली, पुढे मागच्या आवाजाला पेटीत कोंडून टाकले.

१९५७ साली इंग्लंडात पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने पेटीच काढून टाकली. उरला नुसता विद्युत्भारित पातळ पडदा. हा डायपोल. आमच्या काही नातेवाइकांसारखा: तोंडावर एक, पाठीमागे बरोबर उलटे, आणि बाजूला उभे राहिलात तर जवळजवळ काहीच नाही! बायपोल त्या मानाने सरळमार्गी. पुढे जे बोलतो तेच मागे. १९६८ सालचा बोस कंपनीचा ९०१ याच भावकीतला. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. मुलाने क्रांती केली ती अशी, की नऊपैकी आठ कर्णे श्रोत्याकडे पाठ करून भिंतीकडे वळवले. मैफलीत बराचसा आवाज भिंतींवरूनच आपल्यापर्यंत येतो, हे त्यांचे म्हणणे.

हे सगळे मी हिला समजावून सांगितले. डायपोलच्या मागे तीन-चार फूट मोकळे हवेत, हेही सांगितले.

"अहो, खोली दहा बाय बारा. सोफा काय गच्चीवर नेऊ?"

त्याच आठवड्यात भाच्याने आम्हाला बेडशाची लेणी दाखवायला नेले. कामशेतहून पवनेच्या रस्त्याने गेलो आणि सुमारे चारशे पायऱ्या धापा टाकत चढलो. वर खडकातून अरुंद वाट, ओसरीत उंच खांब, त्यांच्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी, आणि आत दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख तिथे आहे. कार्ल्याला, भाज्याला छताच्या लाकडी कमानी अजून आहेत, इथल्या गेल्या. उरला निव्वळ दगड.

ही स्तूपापाशी टेकली. दम गेल्यावर, काय मनात आले कोण जाणे, तिने हलकेच षड्ज लावला. छताने तो उचलला, खांबांमागून फिरवला आणि सगळीकडून परत दिला. ही दचकून थांबली; तिचा सूर मात्र क्षणभर तसाच राहिला.

लग्नाआधी ही गात असे. थोरली झाली आणि तंबोरा गवसणीत घालून कपाटावर गेला, त्याला अडतीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत मी घरात तीन रेडिओ, दोन टेपरेकॉर्डर आणि एक सीडी प्लेअर आणला. तंबोरा खाली काढू का, असे एकदाही विचारले नाही.

परतताना गाडीत मला उमगले. त्या कारागिरांनी आधी जागा केली होती, आवाज मागून आला. मी आधी पेट्या शोधत होतो.

घरी आल्यावर सोफा चार फूट पुढे ओढला. डायपोल काही आला नाही. साधे पेटीवाले स्पीकर आणले आणि फडताळावर ठेवले. सोफ्याच्या मागे सतरंजी आहे, तंबोरा आहे, आणि सकाळी सहा वाजता ही असते.

मी पुढे बसतो. पाठीमागून येणारा आवाज उलटा नसतो, एवढे आता खात्रीने सांगू शकतो.