पोहून आल्यावरचा पायजमा

महिन्यातून एखादा शनिवार मी हिंजवडीच्या तावडीतून सुटतो, साताऱ्याला ताईकडे मुक्काम टाकतो आणि रविवारी सकाळी सांगलीला घरी. गेल्या एप्रिलमधला असाच एक शनिवार. भाचीचा (वय वर्षं पाच) पोहण्याचा क्लास नुकताच सुरू झाला होता. दाजींना यायला उशीर होणार होता, त्यामुळे तिला नेण्या-आणण्याची ड्यूटी मामावर. ताईने हातात पिशवी दिली. त्यात टॉवेल, शेंगदाण्याचा लाडू, एक बंडी आणि फुलाफुलांचा सुती पायजमा.

"अगं, हा झोपायचा पायजमा आहे ना? बाहेरचे कपडे दे की."

"झोपायचाच आहे. परत येताना गाडीतच डोळा लागतो तिचा. मग जागं करून कपडे कोण बदलणार, तू?"

मी गप्प.

तलावावर गेल्यावर कळलं की ही आमच्या ताईची एकटीची अक्कल नव्हे. बॅच सुटल्यावर काठावरच्या बाकांवर निम्मी चिल्लीपिल्ली नाईट ड्रेसमध्ये! पाण्यातून निघाली की दात कडकड, ओठ निळे. आई टॉवेलात गुंडाळणार, खसाखसा डोकं पुसणार, आधी बंडी चढवणार, मग पायजमा. एप्रिलमध्ये साताऱ्यात दुपारी घामाच्या धारा लागतात, आणि संध्याकाळी ही पोरं माघ महिना असल्यासारखी कुडकुडतात.

इंजिनिअर माणूस, हिशोब केल्याशिवाय राहवेना. एक ग्रॅम पाणी अंगावर वाळायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. पोराच्या अंगावर, केसांत आणि ओल्या कॉस्च्यूममध्ये मिळून ५० ग्रॅम पाणी राहिलं असं धरा. झाले १ लाख २० हजार ज्यूल. ही सगळी उष्णता १८ किलोच्या पोराकडूनच घेतली तर त्याचं अंग जवळजवळ दोन अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बरीचशी हवेतून मिळते आणि शरीरही आपली भट्टी पेटवतं (कुडकुडणं म्हणजे तीच भट्टी), म्हणून तेवढं होत नाही. पण कोरडी हवा, वर वारा, आणि वजनाच्या मानाने लहान मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा जास्त. त्यामुळे अंग लवकर पुसणं आणि कोरडं कापड चढवणं याला पर्याय नाही. आणि दमट पायांवरून जीन्स चढवून बघा एकदा. गुडघ्याला अडकते, पोर एका पायावर नाचतं, आपण घामाघूम. पायजमा सरकन वर जातो. एक नाडी ओढली की काम झालं.

पण हा पायजमा झोपायचा कधीपासून झाला? आमच्या सातारा-सांगलीकडे तर तो रानात, बाजारात, लग्नात घालायचा कपडा. विसाव्या शतकात धोतर मागे पडत गेलं तसा पांढरा लेंगा किंवा पायजमा, शर्ट आणि गांधी टोपी हा गावाकडच्या पुरुषाचा पोशाखच होऊन बसला. शब्द मूळ फारसी : पाय आणि जामा, म्हणजे पायाचा कपडा. आपली 'विजार'सुद्धा बाहेरूनच आली, अरबी 'इजार'मधून. यात झोपेचा कुठेही संबंध नाही.

झोप त्यात घातली ती साहेबाने. हिंदुस्थानातल्या उकाड्यात गोरे लोक घरात आणि रात्री पायजमा घालू लागले आणि परत जाताना सोबत घेऊन गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत विलायतेतल्या पुरुषांनी लांब झगा टाकून तो झोपताना घालायला सुरुवात केली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात पायजम्याची नोंद आहे आणि तिथे एक भारी गंमत दिलीय. लंडनचे शिंपी कधी कधी पायजम्याला खाली मोजे शिवून द्यायचे. का, असं विचारल्यावर तिथल्या एका शिंप्याने सांगितलं म्हणे, की बहुतेक वाळवीमुळे असावं! (क्लायंटची रिक्वायरमेंट न समजता कोड लिहिणारे तेव्हाही होते तर.) पुढे तोच कपडा 'नाईट ड्रेस' होऊन, फुलं नि कार्टून छापून घेऊन आपल्याकडे परतला, आणि माझ्या भाचीच्या पिशवीत येऊन बसला.

आता इतकं झाल्यावर रविवारी सांगलीत हा विषय आज्जीसमोर निघणारच. आज्जीचं माहेर कृष्णाकाठचं. तिला तलाव, बॅच, फी हे सगळंच विनोदी वाटतं. तिच्या वेळी पोहायला शिकायचं म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत विहीर नाहीतर नदी. पाठीला वाळका भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रॉकेलचा रिकामा डबा; कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काकाच्या हातात. काका वरून ढकलायचा. पोरगं बुडायला लागलं की दोर ओढायचा. झाला क्लास! मुलगे लंगोटीवर, अगदी बारके तर तेवढंही नाही. वर आल्यावर तापलेल्या दगडावर पालथं पडायचं, पाच मिनिटांत अंग कोरडं. पायजम्याचं काम दगड करायचा.

"आणि मुली?"

"मुली परकरात. दुसरं काय होतं घालायला?"

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. परकर पाण्यात ओला करायचा, घेर दोन्ही हातांनी धरून वर उचलायचा आणि एकदम पाण्यावर आपटायचा. आत हवा कोंडते, मोठ्ठा फुगा होतो, आणि त्या फुग्यावर हनुवटी टेकून पोरी निवांत तरंगायच्या. हवा गेली की पुन्हा आपटायचा.

मी सावरून बसलो याचं कारण असं की हीच युक्ती जीवरक्षणाच्या शिक्षणात रीतसर शिकवली जाते, फक्त परकराऐवजी पँटची! पाण्यात पडलात तर पँट काढा, दोन्ही पायांच्या टोकांना गाठ मारा, कमरेकडून पकडून डोक्यावरून पुढे आपटा, हवा भरली की कमरेचं तोंड पाण्याखाली दाबून धरा. कोरड्या कापडातून हवा निघून जाते. ओल्या कापडाच्या छिद्रांत मात्र पाण्याचा पडदा बसतो आणि हवा बराच वेळ अडून राहते. ब्रिटनमध्ये १९६०-७०च्या दशकांत लहान असलेल्यांना विचारा : पोहण्याच्या परीक्षेला घरून पायजमा न्यायचा, तो घालून पाण्यात उतरायचं, तळातली वीट वर आणायची, पायजम्याचा फुगा करायचा. हे त्यांच्या आठवणींत हटकून असतं. हॉलंडमध्ये तर आजही पोहण्याच्या पहिल्या डिप्लोमालाच मुलं कपडे-बूट घालून पोहून दाखवतात. त्या देशात पावलोपावली कालवे. कालव्यात पडणारं पोर कॉस्च्यूम घालून पडत नाही, इतका सरळ विचार.

आणि आमच्याकडे काय, नदी कमी आहे का? सांगलीकरांना कृष्णेचं पाणी मोजायला पट्टी लागत नाही, आयर्विन पूल लागतो. १९२९ साली झालेल्या या पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. २००५ ला ती ओलांडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. बाया होत्या, लहान मुलं होती. सगळे घरातून निघाले तसे, अंगावरच्या कपड्यांत. पोहता येत असतं तर वाचले असते असं मी म्हणणार नाही. पुराच्या पाण्यात पट्टीचे पोहणारेही जातात. पण त्या बातमीनंतर सांगलीत जो तो मुलांना पोहायला घालायचं म्हणू लागला, हे मी पाहिलंय.

कपड्यांनिशी पाण्यात उतरण्याची सांगलीची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र पुराची नाही, तुरुंगाची आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, गणेशदुर्गाच्या तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि नदीकडे धावले. जुलैचा शेवट, म्हणजे कृष्णेचे पाणी वाढण्याचे दिवस. मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात मारले गेले, वसंतदादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. शाळेत ही गोष्ट ऐकताना आम्हाला फक्त उडीचं कौतुक. तेव्हाचा हा सगळा मुलूख पत्री सरकारचा. आजचा सांगली जिल्हासुद्धा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणूनच जन्माला आला, 'सांगली' हे नाव १९६० ला मिळालं. त्यामुळे ताईचं सातारा मोठं की आपलं सांगली, या घरातल्या वादाला तसा काही अर्थ नाही. असो.

विहिरीचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली, ११० फूट खोल. बघायला जाल तेव्हा तासभर हलवत नाही. पण अशा प्रत्येक विहिरीला मालक होता आणि पाण्याला कोणी शिवायचं हे ठरलेलं होतं. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्यात शाळेत होते. १९०१ साली ते आणि घरातली इतर मुलं वडिलांकडे गोरेगावला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे विलायती शर्ट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. कपड्यांवरून स्टेशनमास्तर ब्राह्मणांची मुलं समजला. जात कळली आणि सगळंच बदललं. पुढच्या प्रवासात सोबत खायला होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय. जिथे प्यायचीच बंदी, तिथे पोहायला कोण उतरू देणार? तलावाच्या फीवर आज्जी हसते ते ठीक, पण फी भरली की तलावावर कुणी जात विचारत नाही, हेही खरं. (अर्थात फी भरता आली तर.)

नदी तरी कुठे पूर्वीची राहिली म्हणा. सांगली-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी दिसतात, गावागावांचं सांडपाणी थेट पात्रात, मधूनच मेलेल्या माशांचा खच. माझ्या पोराला मी तिथे उतरवणार नाही. (पोर अजून नाही, पण तत्त्व म्हणून.) तलाव बरा, क्लोरीन बरं, शिट्टीवाले सर बरे. फक्त पायजमा चढवायची वेळ बदलावी असं मला वाटायला लागलं. एखाद्या दिवशी तरी तो पोहून झाल्यावर नाही, आधी चढवावा.

पुढच्या खेपेला सरांना विचारलं. ते चांगले गृहस्थ, पण ठाम : "सुती कपडा पाण्यात चालत नाही सर, धागे सुटून फिल्टरमध्ये जातात. कॉस्च्यूम आणि टोपी कंपल्सरी." त्यांचंही बरोबरच होतं.

मग मे महिन्यात दाजींच्या गावी गेलो तेव्हा त्यांच्या विहिरीवर बेत ठरला. पायऱ्यांची विहीर, खालच्या पायरीवर दाजी कमरेएवढ्या पाण्यात, भाचीच्या कमरेला दोर, पाठीला डबा, अंगात तोच फुलाफुलांचा पायजमा. पाण्यात उतरल्याबरोबर ओरडली, "मामा, पाय जड झाले!" मला तेच तिला कळायला हवं होतं. तिच्या दुसऱ्या पायजम्याला गाठी मारून मी फुगा करायला गेलो. पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा गाठ सुटली, तिसऱ्यांदा नाडी करकचून बांधली तर हवा जायला वाटच राहिली नाही. काठावर ताई हसतेय. चौथ्यांदा फटकन आवाज आला आणि दोन पायांचा टम्म फुगा पाण्यावर उभा राहिला. भाची त्याच्या मधोमध हनुवटी टेकून अर्धा मिनिट तरंगली, मग परत, मग परत.

वर आलो तेव्हा दात कडकड सुरू. पिशवी उघडली तर पायजमा कुठाय? दोन्ही ओले. शेवटी माझा शर्ट घालून, बाह्या जमिनीला लोळवत ती घरी गेली, आणि मी बनियनवर.