दप्तर, फेरफार आणि सोर्स कोड

मंडळी, राहू बेटात यायचे आणि संगणकाच्या प्रोग्रॅमवर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण विषय मुळात दप्तराचा आहे, आणि ज्याची जमीन आहे त्याला दप्तराचे महत्त्व आम्ही काय सांगणार? सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती स्थिती कशी आली हे पाहायचे तर फेरफार काढावे लागतात.

प्रोग्रॅमचेही असेच. मोबाइलवर चालतो तो तयार माल. माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर म्हणजे सोर्स कोड. त्यात कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणारी साधने आहेत. 2005 साली आलेले गिट हे त्यांतले सर्वांत प्रचलित. कोडचे फेरफारच म्हणा ना!

आता ही वही राहते कुठे? बहुधा दुसऱ्याच्या संकेतस्थळावर. 2015 साली गिटोरियस बंद झाले, 2016 च्या जानेवारीत गूगल कोड. आपल्या घरातले उदाहरण घ्या. रेड हॅटने 2004 साली लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट खुले केले. पुढे त्यांचे काम पुण्यातच चाले. मराठी, हिंदी, नेपाळी यांचे निराळे फाँट नंतर एका लोहित देवनागरीत आले. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे. मग एकत्र करताना काय ठरले, हे उद्याचा लिपीचा अभ्यासक कशात शोधेल? त्या नोंदींतच. हे काम ज्या फेडोरा होस्टेडवर होते, ते 2017 साली बंद झाले. लोहित पाग्युअर या दुसऱ्या जागी हलवले गेले, म्हणून वाचले. ज्यांना हलवणारे कोणी नसते, त्यांचे काय?

इथे राजवाडे आठवतात. इतिहासाचार्यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले, 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले, 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. कागद आधी वाचवायचा, अर्थ लावणारे मागून येतील, ही ती दृष्टी.

2016 साली फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेने सॉफ्टवेअर हेरिटेज सुरू केले. रोबेर्तो दी कॉस्मो आणि स्तेफानो झाकिरोली हे त्याचे प्रवर्तक. त्यांची यंत्रणा कोडच्या जागांची यादी करते, मग प्रत्येक प्रकल्प इतिहासासकट उतरवून घेते. आज तिथे 20 अब्जांहून अधिक फायली आहेत. एकच फाइल हजार ठिकाणी सापडली तरी साठवतात एकदाच. हे जमते कसे? फाइलचा ओळखक्रमांक तिच्या मजकुरातूनच गणिताने काढतात. एक स्वल्पविराम बदला, क्रमांक बदलतो. तत्त्वज्ञानात आम्ही नाव आणि वस्तू यांच्या नात्यावर आयुष्यभर वाद घातला. इथे नाव वस्तूतूनच निघते!

कोणी म्हणेल, एवढा कचरा कशाला? निवडून ठेवा. आम्ही भांडारकर संस्थेकडे बोट दाखवू. महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 चालली. संपादकांनी निवड केलीच, पण नाकारलेले पाठभेदही तळटीपांत छापले. त्यामुळे त्यांची निवड आजही तपासता येते. निवड हवीच, पण संग्रहानंतर. शोधसूची नसेल तर मात्र संग्रहाचा नुसता ढीग होतो, हेही खरे.

या साठ्याला मर्यादा आहे. जे उघड्यावर आहे तेवढेच त्यात येते. कारखान्याचे वजनकाट्याचे सॉफ्टवेअर, पतसंस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम बंद कपाटातच राहतो. करणारा गेला की त्याच्यासोबत जातो.

म्हणून इथल्या मुलामुलींना सांगणे एवढेच. कॉलेजात केलेला प्रकल्प, मग तो उसाच्या नोंदीचा का असेना, खुल्या परवान्याने सार्वजनिक करा. सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संकेतस्थळावर पत्ता दिला की ‘हे जतन करा’ अशी विनंती कोणालाही करता येते, पैसे पडत नाहीत. आणि टिपणे मराठीत लिहिली तर बिघडत नाही. फेरफारही आपण मराठीतच वाचतो.