व्यसनमुक्तीच्या सेवकांचे शिक्षण

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून सिंधूच्या दुःखाने मराठी प्रेक्षकांचे डोळे पाणावत आले आहेत. आम्हीही त्यांतलेच. परंतु नाटक संपवून घरी परतताना एक प्रश्न आमच्या मनात दर वेळी उभा राहिला आहे. सुधाकरास काय कमी होते? बुद्धी होती, साध्वी पत्नी होती, रामलालसारखा सन्मित्र होता, आणि उपदेश तर हवा तितका होता. मद्य सोडण्याची शपथही त्याने घेतली. आणि ती टिकली नाही. शपथेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यापाशी बसून, आता पुढे काय करावयाचे, हे सांगणारा मनुष्य मात्र त्या साऱ्या नाटकात कोठे आढळत नाही. त्यात नाटककाराचा दोष नव्हे. असा मनुष्य त्या काळी आपल्या समाजातच नव्हता.

आज तो आहे. व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारा वैद्य, समुपदेशक, परिचारिका, पाठपुरावा करणारा कार्यकर्ता, ही त्याचीच निरनिराळी रूपे होत. परंतु हा सेवक आकाशातून पडलेला नाही. त्यास कोणी तरी शिकविले आहे. आणि त्यास कोणी शिकवावे, काय शिकवावे, ह्या प्रश्नांचा निकाल लागण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मद्यपी हा धर्मोपदेशकाचा किंवा न्यायाधीशाचा विषय होता. एक त्यास पापी म्हणे, दुसरा त्यास गुन्हेगार म्हणे. हा रोग आहे असे स्पष्टपणे म्हणणाऱ्यांत फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश व ब्रिटिश आरमारातील वैद्य टॉमस ट्रॉटर हे दोघे अग्रणी होत. रश ह्यांचा निबंध १७८४ सालचा आणि ट्रॉटर ह्यांचा १८०४ सालचा. विचार तर मांडला गेला. पण रोग म्हटला म्हणजे तो बरा करणारा हवा, आणि असे काम शिकलेला मनुष्य कोठेच नव्हता.

ही उणीव प्रथम भरून काढली ती विद्वानांनी नव्हे, तर मद्यप्यांनी. १८४० साली बाल्टिमोर शहरातील एका मद्यगृहात नित्य जमणाऱ्या सहा जणांनी मद्य सोडण्याची प्रतिज्ञा केली आणि आपल्या संघास वॉशिंग्टनचे नाव दिले. त्यांच्या सभांत प्रवचन नसे. प्रत्येकाने उठून आपलीच कथा सांगावयाची. ज्याचे जळते त्यास कळते, ह्या न्यायाने ती कथा ऐकणाऱ्याच्या काळजास भिडे. हजारो लोकांनी प्रतिज्ञा घेतल्या. परंतु प्रतिज्ञा घेतलेल्या मनुष्यास महिन्यानंतर, वर्षानंतर कसे सांभाळावे ह्याचे शास्त्र त्यांच्यापाशी नव्हते. काही वर्षांतच ती लाट ओसरली. अनुभव मनुष्यास जवळ आणू शकतो, पण केवळ त्याच्या बळावर संस्था उभी राहत नाही, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा वैद्यांनी दिला. १८७० साली न्यूयॉर्क येथे मद्यप्यांवर उपचार करणाऱ्या संस्थांच्या चालकांनी आपली परिषद भरवून एक मंडळ स्थापिले, आणि १८७६ पासून त्याचे त्रैमासिकही निघू लागले. इंग्लंडात १८७९ साली सराईत मद्यप्यांविषयीचा कायदा झाला. १८८३ साली रिकमन्सवर्थ येथे डॅलरिंपल हाऊस हे उपचारगृह उघडले. आणि १८८४ साली डॉक्टर नॉर्मन कर ह्यांच्या पुढाकाराने ह्या रोगाच्या अभ्यासासाठी लंडनमध्ये एक मंडळ निघाले. नाव बदलून ते मंडळ आजही चालू आहे. ह्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी एकत्र जमावे, निबंध वाचावे, परस्परांच्या चुका दाखवाव्या आणि ते सारे छापून पुढील पिढीच्या हाती द्यावे, ही जी शिस्त आज आपण गृहीत धरतो, तिचा पाया येथे घातला गेला.

मात्र ह्या वैद्यांच्या बैठकीत रोग्यास जागा नव्हती. त्याच सुमारास इलिनॉयमधील डॉक्टर लेस्ली कीली ह्यांनी आपल्या सुवर्ण-औषधाचा मोठा गाजावाजा चालविला होता. औषधाच्या घटकांविषयी शंका घेण्यास भरपूर जागा होती. परंतु त्यांच्या उपचारगृहांतील कित्येक डॉक्टर हे स्वतः तेथेच बरे झालेले मद्यपी होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ह्यावर वैद्यमंडळातील क्रॉदर्स प्रभृतींनी कडक टीका केली. एकदा ज्याचा मेंदू मद्याने ग्रासला, तो दुसऱ्यास काय तारणार, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. विद्या आणि अनुभव ह्यांचे भांडण येथे प्रथम उघड्यावर आले. ह्या भांडणात कोणीच जिंकले नाही. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली. मद्यच नाही तर मद्यपी कोठून राहणार, ह्या भाबड्या समजुतीने उरलीसुरली उपचारगृहेही ओस पडली, आणि दोन्ही पक्षांनी साठविलेले ज्ञान विस्मृतीत गेले.

दारूबंदी १९३३ साली उठली. दोन वर्षांनी, १९३५ साली, ओहायो राज्यातील ॲक्रन गावी बिल विल्सन हे रोख्यांचे दलाल व डॉक्टर बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य एकमेकांस भेटले. दोघेही मद्याने जर्जर झालेले होते. दुसऱ्या मद्यप्यास सावरण्याच्या धडपडीत आपण स्वतः सावरतो, हा अनुभव त्यांस आला आणि त्यांतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा बंधुसंघ जन्मास आला. वॉशिंग्टन-संघाची कथाकथनाची रीत येथे पुन्हा दिसते. पण ह्या वेळी नित्याच्या बैठका होत्या, पायऱ्या होत्या, आणि नवख्याचा हात धरणारा जुना सोबतीही होता.

आता आमच्या कथेतील मुख्य प्रसंग येतो. येल विद्यापीठात प्राध्यापक हॉवर्ड हॅगार्ड ह्यांच्या प्रयोगशाळेत मद्याच्या शरीरावरील परिणामांचे संशोधन चालत असे. तेथे ई. एम. जेलिनेक हे गृहस्थ येऊन मिळाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९४३ च्या उन्हाळ्यात न्यू हेवन येथे मद्यविषयक अभ्यासाची पहिली ग्रीष्मशाळा भरली. तिची मुदत सहा आठवडे होती. वर्गात पाद्री होते, शाळामास्तर होते, समाजसेवक होते, दारूबंदीसाठी आयुष्य वेचणारे प्रचारक होते. आणि त्यांच्याच शेजारी स्वतः मद्यातून बाहेर पडलेली माणसेही होती. मद्याच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे लोक त्या देशात एकमेकांचे तोंड पाहत नसत, अशा काळी आपण कोणाच्याच बाजूचे नाही असे शाळेने ठरविले होते. शरीरशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, धर्म, आकडेशास्त्र अशा सर्व अंगांनी एकाच प्रश्नाचा विचार तेथे झाला. पुढे १९४५ साली ह्या शाळेतील एकोणतीस व्याख्याने, मागाहून झालेल्या प्रश्नोत्तरांसह, ग्रंथरूपाने निघाली. त्यांतील एक व्याख्यान बिल विल्सन ह्यांचे आहे. मात्र बंधुसंघाच्या अनामिकतेच्या नियमानुसार तेथे वक्त्याच्या नावाची केवळ आद्याक्षरे आहेत. अर्धशतकापूर्वी ज्याच्या बुद्धीविषयी वैद्यमंडळास संशय होता, तो आता विद्यापीठाच्या व्यासपीठावरून प्राध्यापकांच्या बरोबरीने बोलत होता.

ह्या एकत्र बसण्याचे फळ लवकरच दिसले. बंधुसंघाच्या मासिकाने आपल्या वाचकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. तिची छाननी जेलिनेक ह्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केली. एकशे अठ्ठावन्न उत्तरे आली, त्यांतील अठ्ठ्याण्णव त्यांनी उपयोगात आणली, आणि त्यांवरून मद्यासक्ती कोणत्या क्रमाने वाढते ह्याचा आराखडा तयार केला. ह्या आराखड्यात उणिवा पुष्कळ होत्या, स्त्रियांची उत्तरे तर त्यांनी वगळलीच होती. तरी पुढे कित्येक वर्षे समुपदेशकांच्या वर्गांत तोच शिकविला गेला. प्रश्न काढले रोग्यांनी आणि मांडणी केली शास्त्रज्ञाने, असा हा योग होता. आणखी एक गंमत येथे नमूद करण्यासारखी आहे. ज्या जेलिनेक ह्यांनी ह्या विषयास शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरेटविषयीच पुढील संशोधकांस शंका आली. पदवी व योग्यता ह्यांचे नाते वाटते तितके सरळ नसते, हेच खरे!

तथापि शाळेत शेजारी बसणे निराळे आणि सरकारी वेतनपत्रकावर नाव चढणे निराळे. मिनेसोटा राज्यात विल्मर येथील सरकारी रुग्णालयात डॉक्टर नेल्सन ब्रॅडली व मानसशास्त्रज्ञ डॅन अँडरसन ह्यांनी बरे झालेल्या मद्यप्यांस रुग्णसेवेत घ्यावयाचे ठरविले. १९५४ साली त्या राज्याने 'मद्यासक्तीचा समुपदेशक' अशी स्वतंत्र जागाच निर्माण केली. तीस महाविद्यालयीन पदवीची अट नव्हती. पदवीधर सहकाऱ्यांची नाराजी झाली, ती साहजिकच होती. परंतु वैद्य, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, धर्मोपदेशक आणि अनुभवी समुपदेशक ह्यांनी मिळून एका रोग्याचा विचार करावयाचा, ही पद्धत तेथे रुजली आणि तेथून जगभर पसरली. येलची शाळाही १९६२ साली रटगर्स विद्यापीठात गेली आणि प्रशिक्षणाचे काम तेथे पुढे चालू राहिले.

येथे कोणी वाचक विचारील, की ज्याच्या ठायी कळवळा आहे त्यास शिक्षणाची एवढी काय गरज? ह्याचे उत्तर कठोर आहे. वर्षानुवर्षे भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केले, तर दोन-चार दिवसांतच त्याच्या अंगास कंप सुटतो, फेपरे येते, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. आणि वेळीच औषधोपचार न झाल्यास तो प्राणासही मुकतो. त्यास प्रेमाने खोलीत कोंडून ठेवणारा भाऊ आणि सद्भावनेने शपथ घालणारा कार्यकर्ता, हे दोघेही नकळत त्याचा घात करू शकतात. हे ज्ञान कळवळ्यातून येत नाही. ते शिकावेच लागते. बरे झालेला मनुष्य सेवेस लागला म्हणजे 'मी ज्या वाटेने सुटलो तीच एक वाट' असे त्यास वाटू लागते. तो भ्रमही शिक्षणानेच दूर होतो. उलट केवळ ग्रंथ वाचलेला पदवीधर रोग्याच्या पहिल्याच थापेने चिडतो, आणि तो पुन्हा घसरला की त्यास कृतघ्न ठरवितो. घसरणे हा ह्या रोगाच्या वाटचालीतलाच एक भाग असू शकतो, आणि घसरलेल्यास दार बंद करावयाचे नसते, ही गोष्ट त्यास अनुभवी सहकाऱ्यापासूनच शिकावी लागते.

आपल्याकडील इतिहास निराळ्या मार्गाने गेला. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला. दोहोंचा रोख दुकानावर होता. दुकानातून बाहेर पडणाऱ्या मनुष्याकडे लक्ष जाण्यास आणखी काही काळ जावा लागला. मद्रासेत १९८० साली शांती रंगनाथन ह्यांनी, आणि मुंबईत १९८१ साली फादर ज्यो परेरा ह्यांनी व्यसनमुक्तीच्या संस्था उभ्या केल्या. पुढे अनिल अवचट ह्यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाल्या आणि साहाय्यास पुढे आल्या. आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर अनिता अवचट ह्यांनी वाहिली. येथेही तोच योग दिसतो. मनोरुग्णालयात मुरलेली डॉक्टरबाई एकीकडे, तर तेथेच बरे होऊन पुढे तेथेच कार्यकर्ते झालेले रुग्णमित्र दुसरीकडे. केंद्र सरकारने पुढे ह्या क्षेत्रातील सेवकांच्या शिक्षणासाठी विभागवार प्रशिक्षण केंद्रे नेमली, त्यांत मुक्तांगणाचाही समावेश झाला. इतर केंद्रांतील समुपदेशक आणि परिचारिका अशा ठिकाणी येऊन शिकतात. बाल्टिमोरचे मद्यगृह आणि न्यू हेवनचा वर्ग ह्यांचा धागा अशा रीतीने आपल्या दारापर्यंत आला.

ह्या साऱ्या कथेचे सार एका वाक्यात सांगता येईल. अनुभव एकटा निघाला तेव्हा तो काही वर्षांत विरला; विद्या एकटी निघाली तेव्हा ती रोग्यापर्यंत पोचली नाही; दोघे एका बाकावर बसले तेव्हाच माणसे वाचू लागली. आणि त्या बाकावर अजून एक जागा मोकळी आहे, असे आम्हांस वाटते. ती आपल्या सुशिक्षित कुटुंबांची. आपण अजूनही घरातले व्यसन पाहुण्यांपासून लपवितो, वैद्यापासून लपवितो, आणि शेवटी एखाद्या रात्री असह्य होऊन शपथ घालून मोकळे होतो. सिंधूने याहून निराळे काय केले? तिला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. आपल्याला तो आहे. शिकलेला सोबती आज आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात आहे. त्यास वेळेवर हाक मारणे, एवढेच आपल्याकडून बाकी आहे.