२ जून : पृथ्वीचे वय मोजणारे पॅटरसन
भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचा जन्म १९२२ मध्ये आजच्याच दिवशी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. युरेनियम-२३८ चे किरणोत्सारी अणू ठरलेल्या गतीने विघटित होत शेवटी शिसे-२०६ बनतात; निम्मे अणू सरायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. खडकांचे हेच घड्याळ. पॅटरसन यांनी पृथ्वीबरोबरच घडलेल्या, ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केतले शिसे मोजायला घेतले, पण हवेतले, भांड्यांवरचे शिसे मोजणी बिघडवत राहिले. मग भांडी आम्लाने धुणे, हवा गाळून घेणे असा वर्षानुवर्षांचा चिवट खटाटोप. १९५६ मध्ये त्यांनी पृथ्वीचे वय प्रसिद्ध केले : ४५५ कोटी वर्षे. आजही तो आकडा जवळपास तोच आहे. त्या काळी हवेत शिसे येई ते मुख्यतः पेट्रोलमधून, हे त्यांनी पुढे सप्रमाण दाखवले आणि उद्योगांचा रोष पत्करून शिसेविरहित पेट्रोलचा आग्रह धरला.